व्हर्ला न्हावीण आणि जळालेलं पान

“मान हलवू नगा मास्तर. तुमच्यापरीस मेलेलं गिऱ्हाइक बरं. मान तरी हलवत न्हाई.”

“तू खुर्ची फिरवणार नसशील, तर मी हलवत नाही.”

“आवं, तीस वर्सांत कवा फिरवलीया का? आता जाता जाता कशाला फिरवू?”

“तुझा काही भरवसा नाही, व्हर्ला.”

“वस्तरा माझ्या हातात, गळा तुमचा, आन भरवसा खुर्चीचा न्हाई! ऐका रं ऐका, हेडमास्तर काय म्हणत्यात.”

बाकावर बसलेले आम्ही सगळे हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांच्या तोंडावर साबणाचा फेस होता.

मेलेल्या गिऱ्हाइकाचं व्हर्ला उगाच बोलली नव्हती. आमच्या बेकर्स रन गावात माणूस गेला, की अंत्यविधीवाला पहिला फोन पाद्र्याला करतो आणि दुसरा व्हर्ला क्लिंगरला. ही आपली जेवणाच्या डब्यात कात्री, फणी, वस्तरा घालून निघते. मेलेल्याचे केस कापते, नाकातले दोन उपटते, आणि तासभर त्याच्याशी बोलत बसते. म्हणते, “त्याला आज समदं गाव बगाया येनार. जल्मात येवडी मान्सं आली न्हाईत त्याच्याकडं. मग नीट दिसाया नगं?”

बाई बुटकी, रुंद, दंड असे की मक्याचं पोतं उचलून ट्रकमध्ये टाकेल. दुकान बापाचं, ऑटो क्लिंगरचं. बाप गेला तेव्हा ही विशीतली. पहिल्या आठवड्यात पुरुषमाणसं दारात यायची, खुर्चीमागं बाई उभी दिसली की टोपी सारखी करून परत जायची. व्हर्लानं दुकान उघडं ठेवलं. दुसरा न्हावी अकरा मैलांवर. जानेवारीत बर्फ पडलं, रस्ता बंद झाला, आणि केस काही बर्फाला थांबत नाहीत. फेब्रुवारीपर्यंत सगळे मुकाट बाकावर येऊन बसले.

नवराही केला होता तिनं, रे नावाचा. दगडखाणीच्या ट्रकवर होता. एक दिवस ट्रक घेऊन इंडियानाला गेला. पुढच्या आठवड्यात ट्रक परत आला, रे आला नाही. व्हर्लानं त्याचे चार शर्ट फाडले आणि मानेवरचे केस झाडायला घेतले. “मऊ हाईत,” म्हणायची. “त्याच्यात तेवडंच मऊ हुतं.”

पण आमच्याकडं व्हर्लाचं नाव निघतं ते कात्रीमुळं नाही. पेटीमुळं निघतं.

सफरचंदाची जुनी लाकडी पेटी आहे. वर्षभर पोटमाळ्यावर असते. ऑक्टोबर लागला, दारोदार पायऱ्यांवर भोपळे येऊन बसले, की व्हर्ला पेटी खाली काढते आणि बाकाच्या टोकाला ठेवते. तीत भुताखेतांची जुनी कॉमिकं. एकोणीसशे पन्नासच्या आसपासची, पिवळी पडलेली, हातात घेतली की तळघराचा वास येणारी. मोजून त्रेचाळीस. नोव्हेंबरच्या एक तारखेला पेटी परत वर. मधल्या महिन्यात गावातल्या माणसांचे केस इतके भराभर वाढतात, की विचारू नका. आमच्या ड्वेन हफच्या डोक्यावर तर एक केस नाही. धान्याच्या कोठारावर काम करतो, आणि ऑक्टोबरातल्या दर शनिवारी येऊन बसतो.

“काय कापू रं तुजं?” व्हर्ला विचारते.

“कल्ले सारखे कर,” ड्वेन म्हणतो आणि पेटीत हात घालतो.

नियम दोनच. कॉमिक घरी न्यायचं नाही, आणि थुंकी लावून पान उलटायचं नाही. उलटलं तर मानेवर फणीचा फटका बसतो. मुलं भुताचे मुखवटे घालून गोळ्या मागायला येतात त्या संध्याकाळी व्हर्ला त्यांना बाकावर बसवते. आधी एक गोष्ट वाचायची, मग गोळ्या. काही पोरं गोळ्या न घेताच पळतात.

या त्रेचाळिसातल्या एकालाही कव्हर नाही. त्यामुळं नावंही नाहीत. आम्हीच ठेवलेली नावं चालतात. ‘दलदलीतलं दे गं’, ‘खाटकाचं कुणाकडं हाय?’, ‘विहिरीवालं माझं व्हायचंय’. एकदा शहरातून एक माणूस आला होता, असलं जुनं जमवणारा. सगळी पेटी उपसली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, कव्हरं नाहीत, काही उपयोग नाही. व्हर्ला म्हणाली, “ब्येस झालं. आता बसलाच हाईसा तर मानंवरचं काडून देऊ का?”

कव्हरं का नाहीत, त्याची गोष्ट त्रेपन्न सालची.

त्या साली असल्या कॉमिकांवर देशभर काहूर उठलं होतं. पोरं बिघडतात, रात्री ओरडत उठतात, मोठेपणी चोर होतात. आमच्या गावातल्या आयांनी सभा घेतली. शाळेच्या पटांगणात होळी करायची ठरली. दहा कॉमिकं आणून आगीत टाका आणि एक चांगलं पुस्तक घेऊन जा, वर छातीवर लावायला एक बिल्ला. पुढाकार हेडमास्तरांचा. लॉयल टटल त्यांचं नाव. तेव्हा चौतिशीचे, ताठ, उसाच्या कांडीसारखे. सभेत म्हणाले, “मी या घाणीला बोटही लावलेलं नाही, आणि तरी मला तिचा वास येतो.” आयांनी टाळ्या वाजवल्या.

व्हर्लाच्या बापाच्या, ऑटोच्या दुकानात वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी कॉमिकांची चळत असायची. आयांनी सांगितलं, ती जाळा, नाहीतर पोरांचे केस दुसरीकडं कापू. ऑटो भांडखोर नव्हता. त्यानं अकरा वर्षांच्या व्हर्लाला हातगाडी दिली, तीत सगळी चळत घातली आणि सांगितलं, जा शाळेत टाकून ये.

व्हर्ला निघाली, ती दुकानाच्या मागं लाकडांच्या ढिगापाशी थांबली. खिशात लोणी लावायची सुरी होती. कॉमिकाला मधोमध दोन पिना असतात. सुरीच्या टोकानं पिना वाकवायच्या, कव्हर अलगद काढायचं, आणि त्यात बियाणांच्या कंपनीचं जुनं कॅटलॉग घालून पिना परत दाबायच्या. ऑटो कॅटलॉगं टाकून देत नसे, ढीगच्या ढीग होते. त्रेचाळीस कव्हरांत व्हर्लानं कोबी, बीट आणि काकडी भरली आणि शाळेत नेऊन दिली. चार दहाचे गठ्ठे, वर तीन सुटी. थोर संशोधकांची चार चरित्रं मिळाली, बिल्ला मिळाला. तो बिल्ला अजून पेटीला लावलेला आहे.

खरी कॉमिकं पोटमाळ्यावर गेली. एकेक करून तिनं वाचायला घेतली. आणि सहाव्या दिवशी तिला कळलं, की आपण काय करून बसलो.

बाकीच्या कंपन्या कव्हराच्या आतल्या बाजूला जाहिराती छापायच्या. पण एका कंपनीला कागद वाचवायची खोड होती. तिनं एका गोष्टीचं शेवटचं पान मागच्या कव्हराच्या आतच छापलं होतं. ते पान व्हर्लानं स्वतःच्या हातानं काढलं, काकडीवर गुंडाळलं आणि आगीत नेऊन दिलं.

गोष्ट केसांचे टोप करणाऱ्याची होती. आम्ही तिला ‘टोपवाला’ म्हणतो. खुर्ची वळते तिथं ती अडते, तेही गावात सगळ्यांना पाठ. अडतीस वर्षं व्हर्ला त्या शेवटाच्या मागं होती. जुन्या सामानाच्या दुकानांत शोधलं, गावोगावच्या न्हाव्यांना विचारलं. कॉमिकाचं नावच माहीत नाही, तर शोधायचं काय? एकदा मला म्हणाली होती, “कापताना हरेक डावाला खुर्ची फिरीवते, आन हरेक डावाला मनात येतं, आता काय दिसनार?” हसत बोलली होती. पण तिचा हात थांबला होता.

आणि मास्तर? मास्तर व्हर्लाकडंच केस कापायचे. पण दोन गोष्टी त्यांच्या ठरलेल्या. एक, खुर्ची फिरवायची नाही. समोरच्या आरशात तोंड दिसतं तेवढं पुरे, मागचं बघायचं नाही. चक्कर येते म्हणायचे. दुसरी, ऑक्टोबरात यायचं नाही. सप्टेंबरच्या शेवटी कापून जायचे, ते एकदम नोव्हेंबरात. तोवर केस कानांवर लोंबायचे. त्या घाणीच्या शेजारी बसणार नाही, असं होतं ते. आम्ही मान द्यायचो त्याला. माणूस तत्त्वाचा.

यंदा मात्र त्यांचा इलाज नव्हता. बायको वारली, घर विकलं, त्या धावपळीत सप्टेंबरात यायचं राहिलं; मंगळवारी लेकीकडं ॲरिझोनाला निघायचं, ते कायमचंच. आणि लेक विमानतळावर घ्यायला येणार, तर केस कापून जायला हवं. म्हणून त्या शनिवारी सकाळी बहात्तर वर्षांचे मास्तर आले, पेटीकडं न बघता सरळ खुर्चीत बसले.

तर केस झाले होते, दाढी चालू होती. उजवा गाल झाला होता, डाव्या गालावर फेस होता. आणि बाकावर लेलँड वाचत होता. लेलँड आमचा नवा टपालवाला, उन्हाळ्यात बदलून आलेला. पेटी त्यानं पहिल्यांदाच बघितली होती. वाचता वाचता त्यानं मान वर केली.

“पुढचं पान कुठाय?”

सगळा बाक खिदळला.

“टोपवाला!” ड्वेन म्हणाला. “आलास का भिंतीवर? समदे हितंच येऊन धडाकत्यात.”

“अरे पण ती खुर्ची फिरते आणि...”

“आन काय, ते कुनालाच ठावं न्हाई. माझं ऐक. बाई वळती, आन तिला दात असत्यात. ह्ये असे.”

“तुजं दरसाल दातच असत्यात,” व्हर्ला म्हणाली. “मागल्या साली मिशा हुत्या. म्या सांगते, बाई वळती, आन ती त्याचीच मेलेली बायकू असती.”

“खुर्चीत बाई नसतेच,” मास्तर म्हणाले.

व्हर्लाचा वस्तरा मास्तरांच्या गालापासून वीतभर लांब, हवेतच थांबला.

“काय म्हनालासा?”

“काही नाही. अंदाज आपला.”

“अंदाज?” व्हर्लानं वस्तरा पुसला, मिटला आणि फळीवर ठेवला. “अडतीस वर्सं ह्या गावानं अंदाज केल्यात मास्तर. येकानं बी असा केला न्हाई. समदे म्हनत्यात, बाई कशी असंल. बाई नसलंच, असं कोन म्हनतं? ज्यानं बगितलंय त्यो म्हनतो.”

“दाढी पुरी कर, व्हर्ला.”

“करते की. तुमी सांगा, म्या करते. न्हाईतर जावा अर्दी घिऊन ॲरिझोनाला. लेक म्हनंल, बाबा, अर्दा गाल हितं कुनाचा?”

मास्तरांनी आरशातून बाकाकडं बघितलं. आम्ही पाच जण होतो, आणि पाचही जण कान लावून बसलो होतो. म्हातारा लाल झाला. फेसाच्या वर कान तेवढे दिसत होते, ते विटेसारखे झाले.

“तू मला काकड्या आणून दिल्या होत्यास,” ते म्हणाले.

आता व्हर्लाची पाळी. तिनं हात पोटावर पुसले.

“तुमाला... ठावं हुतं?”

“आगीपाशी मीच उभा होतो. दहा दहा मोजून टाकत होतो. एक गठ्ठा फारच जड लागला. वरचं उघडलं तर आत काकडी. पान तेवीस, लांब हिरवी, भरघोस पीक.”

बाकावर ड्वेनला खोकला आला.

“मग बोलला का न्हाईसा? बिल्ला दिलासा की वर!”

“बोललो असतो तर उघडलं कशाला, ते सांगावं लागलं असतं. सगळ्या गावासमोर म्हणालो होतो, बोट लावलेलं नाही.” मास्तर थांबले. “आणि नुसतं उघडून थांबलो असतो तर गोष्ट वेगळी. काकडी आगीत टाकली. कव्हर हातात राहिलं. आतल्या बाजूला चित्रं होती.”

“वाचलंसा.”

“उभ्या उभ्या. अर्ध्या मिनिटाचं काम. मग टाकलं आगीत.”

“आन मग?”

“मग काय? आठवडाभर दिवा लावून झोपलो. आणि त्यानंतर न्हाव्याच्या खुर्चीत बसून मागं वळलेलो नाही.”

इतकी वर्षं आम्ही चक्कर समजत होतो. कुणी हसलं नाही. म्हणजे ड्वेन हसला, पण लेलँडनं त्याला कोपर मारलं.

“सांगा,” व्हर्ला म्हणाली. आवाज एकदम हळू झाला होता. एवढ्या वर्षांत तिला कुणाकडं काही मागताना आम्ही बघितलं नव्हतं. “सांगा मास्तर. मंगळवारी तुमी जानार. मग म्या कुनाला इचारू?”

“आधी तू सांग.”

“म्या काय सांगू?”

“माझ्याकडं शेपूट आहे फक्त. धड कधी बघितलंच नाही. ती माणसं कोण होती? त्यांच्या डोक्यावर केस का नव्हते? अडतीस वर्षं मला तेच कळलेलं नाही.”

व्हर्ला मास्तरांकडं बघतच राहिली. मग तिनं वस्तरा उघडला, चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा फिरवला, आणि डावा गाल हातात घेतला. कॉमिक लेलँडच्या हातात होतं, पण तिला ते लागत नव्हतं.

“येक टोप करनारा असतो. लई हुशार. त्याचं टोप राज्यात समद्यात भारी. का? तर त्यो ताजी मढी उकरतो आन केस कापून आनतो. मेलेल्याला कशाला पायजेल केस, म्हनतो. हनुवटी वर करा. येक श्रीमंत बाई त्याच्याकडनं टोप नेती. लांब, काळाभोर. सा म्हयन्यांनी तिची चिट्टी येती, की टोप वाढतोया. ह्यो जातो, कापतो. आटवड्यानं पुन्यांदा चिट्टी. पुन्यांदा वाढला. असं सात डाव. सात मढ्यांचं केस हुतं त्येच्यात, सात डाव वाढला. ओठ आत घ्या. शेवटच्या डावाला जातो तर घरात अंदार. बाई खुर्चीत, पाठमोरी. केस पार जमिनीवर लोळत्यात. म्हनती, आज जरा बारीक कर. ह्यो कात्री उचलतो, आन खुर्ची वळती. झालं. हितनं पुढं काकडी.”

मास्तरांनी डोळे मिटले होते. “सात,” ते म्हणाले. “म्हणून सात होते.”

“कोन सात?”

“शेवटच्या पानावर तीन चित्रं. पहिल्यात खुर्ची वळते. खुर्चीत कुणी नाही. नुसता टोप, खुर्चीच्या पाठीवर टांगल्यासारखा. दुसऱ्यात तो दाराकडं पळायला वळतो. दाराशी भिंतीला लागून बाक. बाकावर सात जण बसलेले. ओळीनं, हात गुडघ्यांवर, गुळगुळीत डोकी, आणि मातीनं भरलेले कपडे. कुणी ओरडत नाही, कुणी अंगावर येत नाही. नुसते बसलेत. आपण शनिवारी बसतो तसे.”

लेलँड नकळत बाकावर थोडा पुढं सरकला. त्याच्या शेजारी ड्वेन होता.

“आन तिसरं?”

“तिसऱ्यात टोपवाला खुर्चीत. गळ्याभोवती कापड बांधलेलं. कात्री कुणाच्या हातात, ते दिसत नाही, हातच तेवढा दिसतो. आणि तो हात बाकाकडं रोखून विचारतोय, म्हणजे शब्द तिथं लिहिलेत: ‘पहिला नंबर कुणाचा?’”

व्हर्ला वस्तरा धरून उभी. तिच्या तोंडाकडं बघून मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. तिनं बाकाकडं बघितलं. आम्हा पाच जणांकडं ओळीनं बघितलं. ड्वेनच्या डोक्यावर येऊन नजर थांबली.

“बाक!” ती म्हणाली. “आगं बाई, बाक! तीस वर्सं ह्या बाकाकडं तोंड करून हुबी हाय, आन मला बाक सुचला न्हाई! दात काय, मिशा काय, बायकू काय... ड्वेन, तू तर मातीनं भरलेलाच येतूस की रं कोठारावरनं!”

आणि अशी हसायला लागली, की तिला वस्तरा खाली ठेवावा लागला. डोळ्यांतून पाणी आलं, ते रेच्या शर्टानं पुसलं. मास्तरांनाही हसू फुटलं. डाव्या गालावरचा उरलेला फेस उडाला.

हसणं ओसरल्यावर तिनं गाल पुरा केला, गरम टॉवेल दाबला, मान झाडली. मग विचारलं, “आता फिरवू का?”

मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग म्हणाले, “हळू.”

तिनं खुर्ची फिरवली. हळूच, मेलेल्यांचं डोकं फिरवते तसं. हातातला लहान आरसा त्यांच्या तोंडासमोर धरला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांनी आपली मान बघितली.

“बरे कापतेस की,” ते म्हणाले.

“आत्ता कळलं व्हय!”

पण एवढ्यावर सोडणारी बाई नव्हती ती. भिंतीवरच्या कॅलेंडराचं सप्टेंबरचं पान टरकावलं, उलटं करून पेनासकट त्यांच्यापुढं ठेवलं. “लिवा. तीन चित्रं, जशीच्या तशी. त्यात घालून ठिवते.”

मास्तरांनी उभ्यानं लिहिलं, शाळेत फळ्यावर लिहायचे तशा गोल अक्षरात. बाक कुठल्या बाजूला, तेसुद्धा रेघ ओढून दाखवलं.

“सही करा खाली,” ड्वेन म्हणाला.

“सही नाही करणार.”

“नगा करू,” व्हर्ला म्हणाली. “तुमचं अक्षर गावात कुनाला ठावं न्हाई? हितल्या निम्म्यांनी छड्या खाल्ल्यात त्या अक्षरापायी.”

मास्तरांनी टोपी घातली. दारात थांबले, पेटीवरच्या बिल्ल्याकडं बघितलं. “तो बिल्ला परत घ्यायला हवा, खरं म्हणजे.”

“घ्या की. आन तुमी टाळ्या परत करा.”

म्हातारा मान हलवत गेला. काचेतून दिसला, रस्ता ओलांडताना एकदा हात मागं नेऊन मानेवरून फिरवला.

व्हर्लानं कागदाची घडी केली, कॉमिकात घातली, कॉमिक पेटीत टाकलं. कापड झाडलं. फरशीवर पांढरे केस पडले होते, ते झाडूनं एका कडेला सारले. मग कात्री उचलली, हवेत दोनदा वाजवली आणि बाकाकडं वळून म्हणाली,

“हं. कुनाचा नंबर?”

कुणी उठेना.

“आरं उटा की! ड्वेन?”

“माझं काय, नुसतं कल्ले,” ड्वेन म्हणाला. “ह्यो लेलँड आदी आलाय.”

“मी? मी तर पोचवायला आलो होतो. टपाल आहे तिथं.”

“टपाल ऱ्हाऊ दे. मानंवर झुडूप झालंय तुज्या. बस.”

लेलँड उठला आणि खुर्चीत बसला. व्हर्लानं गळ्याभोवती कापड बांधलं, फणी पाण्यात बुडवली.

“ताई,” लेलँड म्हणाला, “तेवढी खुर्ची फिरवू नका.”

“मान खाली घाल,” व्हर्ला म्हणाली आणि कापायला लागली.